हिरवी वडी नेमकी कशाची? पोलादी पात्यांसाठी पूड, पेस्ट आणि लस्टर ओळखण्याची पद्धत

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानात जाऊन "पात्याला शेवटची बारीक धार काढायची आहे, काहीतरी द्या" असे सांगितले, तर पुढ्यात बहुधा एक हिरवी, मेणचट वडी येते. पॉलिशवाले तिला लस्टर म्हणतात. तिच्या कागदावर रंगाखेरीज फारसे काही लिहिलेले नसते. शेजारी पांढरी, तपकिरी, काळी आणि लाल अशा आणखी चार वड्या असतात, खालच्या फळीवर गॅरेजवाले नेतात तो काळ्या पेस्टचा डबा असतो आणि कोपऱ्यात सुट्या पुडीच्या पिशव्या असतात. यांपैकी काय आपल्या पटाशीला, सुरीला किंवा वस्तऱ्याला चालेल आणि काय त्यांचे नुकसान करील, हे नवशिक्याला दिसून कळत नाही. नुसत्या रंगावरून ते कळणारही नाही, कारण रंग हा उत्पादकांचा रिवाज आहे आणि तो सगळे सारखा पाळत नाहीत.

प्रत्येक वडी, पेस्ट किंवा पुडीला तीन प्रश्न विचारायचे असतात. घासणारा कण कोणत्या पदार्थाचा आहे, म्हणजेच किती कठीण आहे? तो किती बारीक आहे? आणि तो कशात कालवलेला आहे? ही तीन उत्तरे मिळाली की ओळख पटली. घरातल्या साध्या साधनांनी ती कशी मिळवायची, हे पुढे क्रमाने दिले आहे.

आधी पोलादाकडे पाहू

पाणी दिलेल्या पोलादाची कठिणता रॉकवेल सी मापनात सांगतात. नेहमीच्या स्टेनलेस सुऱ्या साधारण ५४ ते ५८ च्या आसपास असतात, रंध्याची आणि पटाशीची चांगली पाती ५८ ते ६२ पर्यंत जातात आणि काही जपानी सुऱ्या त्याहूनही वर असतात. रॉकवेल ६० म्हणजे विकर्स मापनात साधारण ७००. घासणारा कण याहून स्पष्टपणे कठीण असला पाहिजे, नाही तर तो पोलाद कापत नाही, नुसता त्यावरून सरकतो.

मात्र पोलाद सगळीकडून एकसारखे नसते. त्याच्या पोटात कार्बाइडचे, म्हणजे धातू आणि कार्बन यांच्या संयुगाचे, कण विखुरलेले असतात आणि ते भोवतालच्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतात. क्रोमियमचे कार्बाइड विकर्स मापनात साधारण १,५०० च्या वर जाते, तर व्हॅनेडियमचे २,६०० ते २,८०० पर्यंत पोहोचते. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कण साधारण २,१०० चा आहे. म्हणजे साध्या कार्बन पोलादाच्या कोयत्यावर किंवा विळीवर तो उत्तम चालतो, पण भरपूर व्हॅनेडियम असलेल्या आधुनिक पोलादावर तो भोवतालचे पोलाद खातो आणि कार्बाइडचे कण तसेच उभे ठेवतो. अशा पात्याची धार तासभर घासूनही हवी तशी लागत नाही, तेव्हा दोष आपल्या हाताचा नसून चुकीच्या पुडीचा असू शकतो. मराठवाड्यातला ऊसतोडीचा कोयता आणि हजारो रुपयांची आयात सुरी यांना एकच वडी का चालत नाही, याचे कारण हे आहे.

बाजारात भेटणारे पदार्थ

ॲल्युमिनियम ऑक्साइडपासून सुरुवात करणे योग्य, कारण तो सर्वाधिक वापरला जातो आणि त्याच्याशी आपले नातेही जुने आहे. निसर्गात सापडणारे ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे कुरुंद. इंग्रजीतला कॉरंडम हा शब्द तमिळ कुरुंदम आणि संस्कृत कुरुविंद यांच्या घराण्यातलाच आहे. कुरुंदाची भरड लाखेत कालवून, तिचे चाक करून त्यावर हत्यारे पाजवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि शिकलगारांच्या साणेला तिचाच वारसा आहे. आज हा पदार्थ बॉक्साइट विजेच्या भट्टीत सुमारे २,००० अंश सेल्सिअसला वितळवून तयार करतात. तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइड चिवट असते. पांढरे अधिक शुद्ध आणि ठिसूळ असते, त्याचे कण कामात फुटतात आणि दर वेळी नवी तीक्ष्ण कड पुढे येते. गुलाबी प्रकारात थोडे क्रोमियम मिसळलेले असते. पांढरी लस्टर वडी बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचीच असते.

सिलिकॉन कार्बाइड त्याहून कठीण, साधारण २,५०० चे. अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांनी १८९१ मध्ये ते तयार केले आणि त्याला कार्बोरंडम असे नाव दिले. कार्बन आणि कुरुंद यांचा संयोग झाला असावा, अशी त्यांची समजूत होती. ती चुकीची ठरली, पण नाव टिकले आणि आपल्याकडे जुने कारागीर आजही सरसकट "कार्बोरंडम" म्हणतात. वाळू आणि कोक यांपासून ते बनते. काळे आणि हिरवे असे त्याचे दोन प्रकार असून हिरवे अधिक शुद्ध असते. गॅरेजमध्ये इंजिनाचे व्हाल्व बसवण्यासाठी जी दुतोंडी डबी वापरतात, जिच्या एका बाजूला भरड आणि दुसऱ्या बाजूला बारीक पेस्ट असते, तिच्यात बहुधा हेच असते. तिची बारीक बाजूसुद्धा धारेच्या शेवटच्या कामासाठी फारच भरड आहे. खड्डा पडलेला ऑइलस्टोन काचेवर घासून सपाट करायला मात्र ती उत्तम.

क्रोमियम ऑक्साइड गडद हिरवे असते आणि मोहस श्रेणीत, म्हणजे खनिजांची कठिणता सांगणाऱ्या १ ते १० च्या मोजपट्टीवर, ८ ते ८.५ च्या दरम्यान बसते. शुद्ध पूड अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास मिळते, म्हणूनच वस्तऱ्याच्या चामडी पट्ट्यासाठी तिची ख्याती आहे. पण बाजारातल्या हिरव्या वडीत बहुतेकदा क्रोमियम ऑक्साइडबरोबर ॲल्युमिनियम ऑक्साइडही घातलेले असते आणि त्याचे कण मोठे असू शकतात. एखाद्या कामासाठी ते मिश्रण चांगलेही असते, कारण ते जास्त वेगाने कापते. वस्तऱ्याला मात्र ते चालत नाही.

लाल रूज म्हणजे आयर्न ऑक्साइड. त्याची कठिणता ५.५ ते ६.५, म्हणजे पाणी दिलेल्या पोलादाच्या जवळपासच. सोन्याचांदीला झळाळी आणायला सराफ ते वापरतात आणि दुर्बिणीच्या आरशांची काचही त्याने चमकवली जाते, पण पोलादाची धार काढायला ते फार मंद आहे. एमरी म्हणजे कुरुंद आणि लोहखनिज यांचे नैसर्गिक मिश्रण, काळपट आणि भरड कामाचे. तपकिरी ट्रिपोली सिलिकाची असते आणि पितळ, ॲल्युमिनियम यांच्यासाठी ठीक असते.

राहिले हिरा आणि क्यूबिक बोरॉन नायट्राइड. हिरा साधारण ७,००० च्या पुढे आणि बोरॉन नायट्राइड ४,५०० च्या पुढे, त्यामुळे व्हॅनेडियमचे कार्बाइडही त्यांच्यापुढे टिकत नाही. वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर घर्षणाने तापमान वाढते, तेव्हा हिऱ्यातला कार्बन लोखंडाशी संयोग पावतो आणि हिरा लवकर झिजतो, म्हणून यंत्रावर पोलादासाठी बोरॉन नायट्राइड घेतात. हाताने घासताना ही अडचण येत नाही.

आकडा वाचताना होणारी फसगत

वेष्टनावर आकडा असला तरी काम संपत नाही, कारण "१०००" हा आकडा तीन वेगळ्या पद्धतींत तीन वेगळ्या जाडीचा असतो. आपल्या बाजारातल्या पॉलिश पेपरवर आकड्याआधी "पी" असेल, तर ती युरोपीय पद्धत आहे आणि पी १००० म्हणजे सुमारे १८ मायक्रॉनचा कण. जपानी पाणदगडावरचा १००० म्हणजे सुमारे ११.५ मायक्रॉन. सुट्या पुडीवर आणि काही दगडांवर "एफ" असते, त्यात एफ १००० म्हणजे सुमारे ४.५ मायक्रॉन. पी १००० नंतर "पुढची पायरी" म्हणून कोणी एफ ८०० ची पूड घेतली, तर आकडा मागे गेल्यासारखा वाटेल, पण ती पूड प्रत्यक्षात जवळजवळ तिप्पट बारीक आहे. म्हणून घरी वहीत सगळे मायक्रॉनमध्ये लिहून ठेवावे. पी ४०० म्हणजे ३५, पी २००० म्हणजे १०, जपानी ३००० म्हणजे ४ आणि जपानी ८००० म्हणजे १.२ मायक्रॉन, एवढे लक्षात ठेवले तरी बरीच वाट सोपी होते.

पहिली पायरी: खरवडणे आणि भिंग

साहित्य थोडे लागते: दहापट दाखवणारे भिंग, लोहचुंबक, काचेच्या दोन लहान पट्ट्या, थोडे टर्पेंटाइन किंवा रॉकेल, पांढरे व्हिनेगर, गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, एक उभट पारदर्शक बाटली, पी १००० चा पॉलिश पेपर आणि एक जुने रंध्याचे पाते.

वडीचा वरचा थर आधी चाकूने खरवडून टाकावा. वापरलेल्या वडीवर आधीच्या कामातला पोलादाचा चुरा चिकटलेला असतो आणि तो पुढच्या प्रत्येक परीक्षेत चुकीची साक्ष देतो. आतला हरभऱ्याएवढा तुकडा काढून बोटांत चुरगळावा. तुपकट लागला आणि बोटांच्या उबेने मऊ झाला, तर बंधक, म्हणजे कण ज्यात कालवले आहेत तो पदार्थ, चरबीचा किंवा मेणाचा आहे. कोरडा लागला आणि ओल्या बोटाने चिकट झाला, तर सरसाचा असावा. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होऊन पसरला, तर पेस्ट पाण्यात मिसळणारी आहे आणि तिला तेलाच्या दगडाजवळ नेऊ नये.

शाकाहारी स्वयंपाकघरांसाठी येथे एक सूचना करावीशी वाटते. बऱ्याच वड्यांत प्राण्यांची चरबी असते आणि वेष्टनावर तसे लिहिलेले नसते. घरातल्या विळीसाठी किंवा सुरीसाठी काही घेत असाल, तर पाण्यात मिसळणारी पेस्ट किंवा कोरडी पूड घेऊन ती खनिज तेलात कालवणे सोयीचे. काहीही वापरले तरी पाते गरम पाण्याने आणि साबणाने धुतल्याशिवाय अन्नाला लावू नये.

आता तुकडा भिंगाखाली धरावा. दहापट भिंगातून साधारण वीस मायक्रॉनच्या वरचे कण वेगळे दिसू लागतात, त्यामुळे जी वडी शेवटच्या झिलईसाठी म्हणून विकली आहे तिच्यात एकही कण सुटा दिसता कामा नये. सिलिकॉन कार्बाइडचे कण काचेच्या तुकड्यांसारखे अणकुचीदार असतात आणि प्रकाशात फिरवले की त्यांवर निळसर-जांभळी झाक चमकते. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण खडीसारखे, पांढरे किंवा तपकिरी दिसतात.

दुसरी पायरी: बंधक सोडवणे

ही परीक्षा रंगाचे गुपित उघड करते, म्हणून ती टाळू नये. खरवडलेला चुरा एका लहान काचेच्या बाटलीत घालून त्यावर टर्पेंटाइन किंवा रॉकेल ओतावे आणि बाटली अर्धा तास कोमट पाण्यात उभी करून मधूनमधून हलवावी. जवळ शेगडी किंवा निरांजन पेटलेले नसावे आणि खिडकी उघडी असावी. मेण विरघळते आणि पूड तळाला बसू लागते. वरचे द्रव हिरवे किंवा लाल झाले आणि तळाची पूड पांढरी उरली, तर रंग नुसता घातलेला आहे, वडी क्रोमियम ऑक्साइडची किंवा रूजची नाही. द्रव निवळले आणि तळाची पूड गडद रंगाची राहिली, तर रंग पुडीचाच आहे. तळाला हिरव्या पुडीत पांढरे कण मिसळलेले दिसले, तर ते मिश्रण आहे.

वरचे द्रव ओतून टाकून पुडीला आणखी दोनदा नवे टर्पेंटाइन द्यावे, मग स्पिरिटने एकदा आणि शेवटी पाण्यात भांड्याचा साबण घालून धुवावी. ही स्वच्छ पूड पुढच्या सर्व पायऱ्यांसाठी लागणार आहे, म्हणून घाई करू नये. पूड थोडी जास्त काढली तर बरे, निदान अर्धा चहाचा चमचा.

तिसरी पायरी: चुंबक, व्हिनेगर आणि काच

चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळलेल्या पुडीजवळ न्यावा. काळी पूड झेपावून चिकटली, तर ती एमरी असण्याची शक्यता मोठी, कारण एमरीत चुंबकीय लोहखनिज असते. काळे सिलिकॉन कार्बाइड चिकटत नाही. रूज लोखंडाचे ऑक्साइड असूनही जवळजवळ हलत नाही.

पुडीच्या एका चिमटीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. फसफसले तर त्यात खडू किंवा चुनखडी आहे. ती पितळेला चमक देते, पण पोलादाच्या धारेसाठी बाद.

मग काचेच्या एका पट्टीवर पूड आणि पाण्याचा एक थेंब ठेवून दुसरी पट्टी त्यावर दाबून वीस वेळा गोल फिरवावी. काचेची कठिणता मोहस श्रेणीत साधारण ५.५ असते. पट्ट्या धुऊन उजेडाकडे धरल्या की कळते: काच धुकट झाली, तर पूड काचेहून स्पष्टपणे कठीण आणि पुरेशी भरड आहे. काच तशीच लख्ख राहिली, तर पूड एकतर मऊ आहे किंवा अतिशय बारीक आहे, आणि यांतले कोणते, हे पुढची पायरी सांगते. घासताना कानही द्यावा. बारीक पूड रेशमासारखी सरकते, आणि तिच्यात एखादा भरड कण लपला असेल तर तो लगेच किरकिरतो.

चौथी पायरी: बाटलीतला गाळ

माझ्या मते सर्वांत जास्त माहिती देणारी परीक्षा ही आहे आणि तिला काही खर्च नाही. पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या आकाराच्या वर्गावर ठरते. कण दुप्पट मोठा असेल तर तो चौपट वेगाने बसतो. बारीक पॉलिश पेपरच्या पुडीचे प्रमाणीकरण करतानाही कणांचा बसण्याचा हा वेगच मोजतात, तेव्हा आपण घरी त्याच रीतीची साधी आवृत्ती करत असतो.

बाटलीत दहा सेंटिमीटर उंचीपर्यंत डिस्टिल्ड पाणी घ्यावे आणि त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकावा. नळाच्या जड पाण्यात कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि बारीक पूडही भरडीसारखी भराभर खाली बसते, म्हणून डिस्टिल्ड पाण्याचा आग्रह. पाव चमचा स्वच्छ पूड घालून बाटली मिनिटभर जोराने हलवावी, टेबलावर ठेवावी आणि घड्याळ लावावे.

ॲल्युमिनियम ऑक्साइडसाठी दहा सेंटिमीटर अंतर पडायला लागणारा वेळ असा येतो: ३० मायक्रॉनच्या कणाला एक मिनिटाहून थोडा जास्त, १० मायक्रॉनला सुमारे दहा मिनिटे, ३ मायक्रॉनला जवळपास दोन तास आणि १ मायक्रॉनला सुमारे सतरा तास. सिलिकॉन कार्बाइड हलके असल्याने त्याला साधारण एकतृतीयांश वेळ जास्त लागतो. क्रोमियम ऑक्साइड आणि रूज जड असल्याने त्यांना सुमारे एकतृतीयांश कमी वेळ पुरतो. अर्ध्या मायक्रॉनचे खरे क्रोमियम ऑक्साइड असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी गडद हिरवेच असते.

पहिल्या दीड मिनिटात तळाला काय बसते, ते सर्वांत महत्त्वाचे. पाणी हलके ओतून काढून तो पहिला गाळ काचेच्या पट्ट्यांत घासावा. एकदा "अतिबारीक" म्हणून विकलेल्या काळ्या वडीची ही परीक्षा न घेता मी ती थेट चामड्याच्या पट्टीवर घासली आणि तासभर मेहनतीने आरशासारख्या केलेल्या पटाशीच्या पाठीवर पाच-सहा खोल, समांतर ओरखडे उमटले. ते काढायला पुन्हा पी ४०० पासून सुरुवात करावी लागली आणि ती चामडी पट्टी टाकून द्यावी लागली, कारण चामड्यात रुतलेला भरड कण धुऊन निघत नाही. नंतर त्याच वडीचा गाळ तपासला, तेव्हा जवळजवळ सगळी पूड बारीक निघाली, पण पहिल्या मिनिटाच्या तळात चमकणाऱ्या भरड कणांची पातळशी कोर होती. झिलईचा दर्जा सरासरी कणावर ठरत नाही, सर्वांत मोठ्या कणावर ठरतो.

पाचवी पायरी: पोलादालाच विचारावे

जुन्या रंध्याच्या पात्याची सपाट पाठ पी १००० पेपरवर एकाच दिशेने घासून सगळे ओरखडे आडवे करून घ्यावेत. मग सपाट रंधलेल्या लाकडाच्या पट्टीवर (आंबा किंवा सागवान चालेल, गाठ नसावी) मूळ वडी थोडी घासून, पाते त्यावर उभ्या दिशेने पन्नास वेळा ओढावे. हात सैल ठेवावा, फक्त पात्याचे वजन आणि बोटांचा हलका दाब पुरे.

आता तीन गोष्टी पाहाव्यात. पट्टीवरचा लेप काळा पडत गेला, तर तो निघालेल्या पोलादाचा रंग आहे आणि कण कापतो आहे. लेप पन्नास ओढींनंतरही मूळ रंगाचाच राहिला, तर तो या पोलादाला पुरत नाही. रूज लावलेल्या पट्टीवर तुम्हाला हेच दिसेल. दुसरे, जुने आडवे ओरखडे किती पुसले गेले आणि नवे उभे ओरखडे किती जाड आहेत, हे भिंगाखाली पाहावे. खिडकीच्या उजेडात पाते हळूहळू तिरपे करत न्यावे, एका ठरावीक कोनात ओरखडे एकदम उजळतात. एकसारखी धुकट झाक म्हणजे चांगली, समान जाडीची पूड. लख्ख पृष्ठभागावर मधूनच एखादा एकटा खोल ओरखडा म्हणजे पुडीत परका भरड कण. तिसरे, पात्याच्या कडेला उलटलेली धातूची बारीक कोर, जिला कारखान्यात "बर" म्हणतात, ती निघून गेली का, हे अंगठ्याचे नख कडेवरून हलके बाहेरच्या दिशेने ओढून तपासावे. बर मोडण्यासाठी कापणारी पूड लागते. नुसती चमकवणारी पूड बर चमकवते आणि जागेवर ठेवते, आणि सुरी पहिल्या टोमॅटोवर धारदार वाटून तिसऱ्यावर बोथट होते.

हिऱ्याच्या पेस्टसाठी एक जादा परीक्षा आहे, कारण ती महाग असते आणि भेसळीचा मोह तिथेच मोठा असतो. भिंतीला भोके पाडण्याच्या जुन्या ड्रिल बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा जोडलेला असतो. पेस्टचा मोहरीएवढा ठिपका लाकडी काडीवर घेऊन त्या टोकाच्या सपाट बाजूवर शंभर वेळा घासावा आणि पुसून पाहावा. हिऱ्याची पेस्ट असेल, तर तिथे उजळ, नवा डाग स्पष्ट दिसतो. ॲल्युमिनियम ऑक्साइड हिऱ्याच्या नावाने विकले असेल, तर जागा जवळजवळ तशीच राहते. सिलिकॉन कार्बाइडही टंगस्टन कार्बाइडला थोडे घासते, पण ते काळे किंवा हिरवे असल्याने भिंगाखाली ओळखू येते. हिऱ्याच्या पेस्टच्या रंगांवर तर मुळीच विसंबू नये, एका उत्पादकाचा हिरवा दुसऱ्याचा निळा असतो. पिचकारीवर मायक्रॉनचा आकडा छापलेला नसेल तर ती घेऊ नये.

ओळख पटल्यावर काय कशाला

कोयता, विळी, खुरपे आणि साध्या कार्बन पोलादाची सुरी यांना ॲल्युमिनियम ऑक्साइड पुरेसे आहे. दगडावरून उतरवल्यावर पांढऱ्या लस्टरवर दहा-पंधरा ओढी, एवढेच. खरे तर कोयत्याला तेवढेही नको, ऊस तोडताना थोडी करकरीत धारच चांगली चालते. सुताराच्या पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेली हिरवी वडी सर्वांत सोयीची, कारण तिला वेगही आहे आणि झिलईही. वस्तऱ्यासाठी मात्र गाळाच्या परीक्षेत दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहिलेली शुद्ध क्रोमियम ऑक्साइडची पूडच घ्यावी. जास्त व्हॅनेडियमच्या पोलादासाठी हिऱ्याची पेस्ट, ६ मायक्रॉनपासून १ मायक्रॉनपर्यंत दोन किंवा तीन टप्प्यांत.

प्रत्येक पेस्टसाठी वेगळी पट्टी ठेवावी आणि पट्टीच्या पाठीवर पदार्थ, मायक्रॉन आणि तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहावी. पट्ट्या एकावर एक रचू नयेत, प्रत्येक स्वतंत्र पिशवीत असावी. भरड पायरीवरून बारीक पायरीवर जाताना पाते, हात आणि नखांच्या कडा साबणाने धुवाव्यात. नखांखाली अडकलेला एक कण पुरेसा होतो.

कोरडी पूड हाताळताना तोंडावर चांगला मास्क असावा आणि शक्यतो पूड ओलीच ठेवावी. ट्रिपोलीत आणि काही स्वस्त पुडींत स्फटिकी सिलिका असते. तिची धूळ फुप्फुसांत साठून सिलिकोसिस होतो, आणि गुजरातेत खंबातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना या आजाराने किती छळले आहे, हे नोंदलेले आहे. वीजेच्या बफवर, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर, लस्टर वापरत असाल, तर पात्याची धार नेहमी बफ फिरते त्याच दिशेकडे असावी. धार बफच्या समोर आली, तर कापडात ती अडकते आणि पाते हातातून भिरकावले जाते. पहिले काही महिने लाकडी पट्टीवर हातानेच काम करावे, बफला हात लावू नये.